रिमोटवरचं पहिलं विमान उडवायच्या आधी

भाऊ, रिमोट अन् रिसीव्हर (विमानातला सिग्नल घेणारा भाग) बाइंड झाला, म्हणजे एकमेकांशी जोडला गेला, की झालं, असं समजू नको. पहिला आठवडा विमान जमिनीवरच राहू दे, अन् सेटिंग करताना पंखा काढूनच ठेव. मोटार अचानक फिरली तर बोटं जातात.

चालू करताना आधी रिमोट, मग विमान. बंद करताना उलटं. थ्रॉटल (मोटारीचा वेग ठरवणारी स्टिक) खाली आहे ना, हे बॅटरी जोडायच्या आधी बघायचं.

सगळ्यात जास्त लोक चुकतात ते फेलसेफमध्ये. सिग्नल तुटला की मोटार बंद झाली पाहिजे. पंखा काढलेला असताना विमान कुणाला तरी घट्ट धरायला लाव, थ्रॉटल थोडा वाढव अन् रिमोट बंद कर. मोटार फिरतच राहिली तर फेलसेफ नीट लागलेला नाही. तो लागेपर्यंत उडवायचं नाही.

मग एलेरॉन, म्हणजे विंगच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या. मागे उभं राहून स्टिक उजवीकडे ने : उजवा एलेरॉन वर, डावा खाली. उलटं असेल तर विमान हातातून सुटताच आडवं होतं. हे दर वेळी तपासायचं, काल बरोबर होतं तरी.

वावर सोयाबीन निघालेलं निवड. पऱ्हाटीत पडलेलं विमान शोधता शोधता संध्याकाळ होते. डीपी अन् विजेच्या तारांपासून लांब राहा. तारेवर अडकलं तर काठीनं काढायला जायचं नाही, लाइनमनला बोलवायचं.

लायपो बॅटरी उन्हाळ्यात टिनाच्या शेडमध्ये ठेवू नको, अन् चार्जिंगला लावून झोपू नको.

रिमोटमधल्या एक्स्पो, मिक्सिंग या पुढच्या सेटिंग सध्या राहू दे.