सुरमईचे कल्ले बघता, मग गादीची चेन का नाही?

(वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणाऱ्या काकूंनी यजमानांसोबत चिपळूणच्या बाजारात २६ वर्षं गाद्यांचं दुकान चालवलं.)

प्रश्न : काकू, गेल्या श्रावणात आमच्या वाडीत गाद्यांचा टेम्पो आला. गोव्यातल्या रिसॉर्टची ऑर्डर रद्द झाली, माल परत पुण्याला न्यायचं भाडं परवडत नाही, म्हणून अर्ध्या किमतीत सोडतोय असं तो म्हणाला. गणपतीला मुंबईहून दोन दीर, जावा आणि पोरं येणार होती. मी दोन डबल गाद्या घेतल्या. सहा फूट बाय पाच फूट, पाच इंची, ‘४० डेन्सिटी, कंपनीचा माल’. एकीचे साडेसहा हजार. दिवाळीपर्यंत दोन्हींत मधोमध खड्डा पडला. आता फोन लागत नाही. काही करता येईल का?
— एक गृहिणी, गुहागर तालुका

उत्तर : तुमचं पत्र वाचून मी आधी तुम्हाला फोन केला आणि वाडीत काजू बी घेणाऱ्याचा काटा आहे का विचारलं, आठवतंय ना? तुम्ही हसलात. पण दुसऱ्या दिवशी मुलाने गादी दोरीने आवळून काट्यावर टाकली, ती अभ्र्यासकट साडेआठ किलो भरली. तिथेच टेम्पोवाला उघडा पडला.

डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन किती किलो, एवढंच. गादीची लांबी, रुंदी, जाडी इंचात मोजून गुणायची, ६१,००० ने भागायचं, की घनमीटर मिळतात. तुमची गादी ७२ गुणिले ६० गुणिले ५, म्हणजे २१,६००. भागिले ६१,०००, म्हणजे ०.३५. चाळीसचा फोम असता तर नुसता फोमच १४ किलो भरायला हवा होता. साडेआठ म्हणजे कापड, शिलाई सगळं धरूनही तो २४ च्या वर जात नाही. तसला फोम पाहुण्याच्या खुर्चीला ठीक. रोज दोन माणसं झोपायची तर दोन-चार महिन्यांत बसणारच.

दुकानात सगळे मूठ दाबून बघतात. विकणाराही तेच करायला सांगतो, ‘बघा वहिनी, किती कडक!’ कडकपणा वेगळा, डेन्सिटी वेगळी. हलका फोमही कडक बनवता येतो आणि तो आधी बसतो. शिवाय कुठेकुठे फोम ओततानाच त्यात कॅल्शियम कार्बोनेटची भुकटी मिसळतात, वजन वाढतं आणि फोम मात्र कमजोर होतो. तुकड्यांचा चिकटवलेला रिबॉन्डेड फोम तर मुळातच जड. त्यावर ‘१०० डेन्सिटी’ लिहिलेलं दिसलं म्हणून चाळीसच्या अखंड फोमपेक्षा तो अडीचपट चांगला होत नाही. म्हणून वजनासोबत आत काय आहे तेही बघायचं.

इथेच मला आपल्या बायकांचं नवल वाटतं. हर्णैच्या बंदरावर सुरमई घेताना कल्ले उचलून बघितल्याशिवाय आपण पैसे काढत नाही. लालभडक नसले तर टोपली पुढे सरकवतो. आणि दहा-बारा वर्षं पाठीखाली राहणारी वस्तू, तिची चेन उघडायला मात्र लाजतो! पूर्वी पिंजारी पडवीत बसून धनुकलीवर कापूस पिंजायचा, आत काय चाललंय ते समोर दिसायचं. तोही जुना कापूस खपवायचा, नाही असं नाही, पण आजी समोर ठाण मांडून बसायची. आता सगळं शिवून बंद. दुकानात कापलेला नमुना दाखवतात, त्यात काथ्या, लेटेक्स म्हणजे रबराचा फोम, अंगाचा आकार घेणारा मेमरी फोम असे सुंदर थर. तो नमुना नमुन्याचाच. तुमच्या घरी येणारी गादीच उघडून बघायची. चेन नसेल तर एका कोपऱ्याची शिलाई उसवून दाखवा म्हणायचं. नाही म्हणाला, तर दुसरं दुकान.

आम्ही दुकान चालवलं म्हणून हे एवढं मोकळेपणाने सांगते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारात शिरलं, तेव्हा आमच्या माळ्याखालच्या सगळ्या गाद्या चिखलात गेल्या. चार दिवसांनी एक माणूस आला, भिजलेल्या गाद्या किलोवर घेतो म्हणाला. काय करणार विचारलं, तर ‘वाळवायच्या, नवा अभ्रा चढवायचा’. आमच्या यजमानांनी कोयतीने फाडून टाकल्या सगळ्या. बाजारातल्या सगळ्यांनीच फाडल्या असतील, असं मात्र मी म्हणणार नाही.

आता तुमचे पैसे. खरं सांगते, बिल नाही, नाव नाही, तेव्हा फार आशा धरू नका. पण तुम्ही फोनवरून पैसे पाठवले होते, म्हणजे खात्याचं नाव तुमच्या मोबाइलमध्ये आहे. ते, गादीचे फोटो आणि काट्यावरचं वजन घेऊन १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. बिल न देणं हीच २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे लक्षात ठेवा. माणसाचा पत्ता सापडला, तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, आपल्या राहत्या जिल्ह्यात, आणि एवढ्या छोट्या रकमेला फी लागत नाही.

आणि हो, ते गोव्याचं रिसॉर्ट. हाच टेम्पो गोव्यात गेला की रिसॉर्ट महाबळेश्वरचं होतं.

प्रश्न : बाबांची कंबर दुखते. रत्नागिरीतल्या एका दुकानात ‘ऑर्थोपेडिक’ गादी दाखवली. छापील किंमत २८,०००, आज घेतली तर १२,५००, वर दोन उशा फुकट. जाहिरातीतली ७,००० ची गादी विचारली, तर ‘कालच संपली’. ऑनलाइनही बघतोय, तिथे शंभर रात्रींची ट्रायल आहे. कुठून घेऊ?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : ‘कालच संपली’ हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात जुनं वाक्य. ती गादी बहुतेक वेळा कधी आलेलीच नसते. स्वस्तातली दाखवून महागातली गळ्यात मारायची, याला आता २०२२ च्या जाहिरातविषयक मार्गदर्शक तत्त्वांनी आळा घातलाय, पण कागदावरचा आळा काउंटरपर्यंत पोचायला वेळ लागतो.

छापील किमतीकडे बघूच नका. एकाच कारखान्याची एकच गादी, आमच्याकडे एका नावाने, समोरच्या दुकानात दुसऱ्या नावाने, बसस्टँडजवळ तिसऱ्या. अभ्र्याचा रंग तेवढा वेगळा. गिऱ्हाइकाला तुलना करता येऊ नये, एवढ्यासाठीच. त्यावर छापील किंमत फुगवून ठेवायची आणि मग निम्म्यावर आणायची. आम्हीही ते केलंय, लपवत नाही. उशाही फुकट नसतात, त्या साडेबारा हजारांतच शिवलेल्या असतात. तुम्ही नाव विसरा आणि तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या : आतले थर कोणते, प्रत्येक थर किती इंचांचा, फोमची डेन्सिटी किती. ‘मेमरी फोम’ म्हणून विकतात त्यात तो बऱ्याचदा वर अर्ध्या इंचाचाच असतो, हे थर विचारल्यावरच कळतं. तोच कागद घेऊन दुसऱ्या दुकानात जा. बिलावरही तेच लिहायला लावा.

‘ऑर्थोपेडिक’ हा शब्द कोणीही छापू शकतो, त्यासाठी डॉक्टर लागत नाही, छापखाना लागतो. आणि कंबर दुखली की फळीसारखी कडक गादी, हा समजही धरून बसू नका. २००३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधला एक अभ्यास आला होता, जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांवरचा. कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना जास्त आराम पडला. बाबांना दुकानात घेऊन जा. चपला काढून ज्या कुशीवर झोपतात त्या कुशीवर पंधरा मिनिटं पडू दे. विक्रेता डोक्यावर उभा राहिला तर त्याला चहा आणायला पाठवा.

ऑनलाइनचं म्हणाल तर आधी पिनकोड टाकून परतीचा माल उचलतात का ते बघा. डिलिव्हरी येते म्हणजे पिकअप येतोच, असं नाही. गुंडाळून आलेली गादी एकदा फुगली की घरी पुन्हा गुंडाळता येत नाही, मग ती न्यायची कशी, ते त्यांच्याकडून लेखी घ्या. ‘आज रात्री १२ पर्यंतच’ म्हणून उलटं चालणारं घड्याळ दिसलं, तर दुसऱ्या दिवशी तेच पान उघडा. बहुधा घड्याळ पुन्हा सुरू झालेलं असेल. असली खोटी घाई केंद्र सरकारच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या अधिसूचनेतल्या १३ फसव्या क्लृप्त्यांत मोडते, तिचा स्क्रीनशॉट ठेवा.

वॉरंटीतही मेख असते. दहा वर्षं लिहिलेलं असतं, पण अमुक इंच खड्डा पडला तरच आणि डाग नसला तरच. तेव्हा पहिल्या दिवसापासून वर जाड चादर हवी. आणि गादीवरचं प्लास्टिक मात्र काढाच! आपल्याकडे आषाढात त्या प्लास्टिकखाली बुरशी धरते. खाडीकाठी, समुद्राकाठी घर असेल तर स्प्रिंगची गादी मी तरी घेऊ देत नाही, खारा वारा लोखंडाला सोडत नाही.

प्रश्न : माझ्या आत्तेबहिणीने चुंबकाची गादी घेतलीय, सव्वा लाखाची. डायबिटीस जातो म्हणते. मीही घ्यावी आणि पुढे दोघांना जोडावं असा आग्रह आहे. नाही म्हटलं तर नातं बिघडेल.
— एक शिक्षिका, सावंतवाडी

उत्तर : नाही म्हणा. चुंबकाने डायबिटीस जात नाही आणि तो बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ पासून कायद्याने बंदी आहे. दोघांना जोडा, मग ते दोघं आणखी दोघांना, ही साखळी तर २०२१ च्या थेट विक्रीच्या नियमांतही बसत नाही.

बहिणीला मात्र दोष देऊ नका. तिचे सव्वा लाख अडकलेत, ते सोडवायला ती तुमच्याकडे आलीय. तिला विचारा, गादीचं सील फोडलंय का? फोडलं नसेल तर पावतीवर माल परत करण्याची मुदत किती दिवसांची आहे ते बघा, तिच्यासोबत बसून अर्ज लिहा आणि उद्याच स्पीड पोस्टाने पाठवा. तोवर तिची साखरेची गोळी चालू आहे ना, तेवढं विचारून घ्या.