मंगळवारी मजा, बुधवारी राख

प्रश्न : इंत्रुजच्या, म्हणजे गोव्याच्या कार्निव्हलच्या, रविवारी मडगावात मिरवणूक पाहिली. कार्निव्हलचा राजा मोमो, त्याचा हुकूम नेहमीचाच, ‘खा, पी आनी मजा कर.’ तिथून एका ख्रिस्ती मित्राच्या घरी गेलो, तर भिंतीवर बायबलचं वचन : मेजवानीच्या घरी जाण्यापेक्षा शोकाच्या घरी जाणं बरं. मी थट्टा केली, तर तो म्हणाला, मोमोचं वाक्यही बायबलातलंच. मग खरं कोणतं?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : दोन्ही. शिवाय दोन्ही एकाच पुस्तकातली! ‘उपदेशक’ नावाच्या त्या पुस्तकाचा लेखक सातव्या अध्यायात शोकाच्या घरी धाडतो, कारण सगळ्यांचा शेवट तोच आणि जिवंत माणूस ते मनावर घेतो. आठव्यात तोच म्हणतो, खावं, प्यावं, आनंद करावा, सूर्याखाली माणसाला याहून बरं काही नाही. मध्ये खुलासा नाही की सारवासारव नाही. मला म्हणूनच हा म्हातारा आवडतो.

वाक्य तेच, पण तोंड बदललं की बिघडतं. लूकच्या शुभवर्तमानात, म्हणजे त्यानं लिहिलेल्या येशूच्या चरित्रात, बाराव्या अध्यायातल्या श्रीमंताला उदंड पीक येतं. जुनी कोठारं पाडून मोठी बांधायचं तो ठरवतो आणि स्वतःच्याच जिवाला सांगतो, खा, पी, मजा कर. देव म्हणतो, मूर्खा, आज रात्रीच तुझा जीव मागितला जाईल. हा उतारा मोठ्यानं वाचून बघा. माझं पीक, माझी कोठारं, माझा माल! अख्ख्या बेतात दुसरं माणूसच नाही. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात बाविसाव्या अध्यायात तर यरुशलेम संकटात आहे, देव रडायला सांगतोय, आणि लोक बैल-मेंढरं कापून म्हणतात, खाऊ-पिऊ, उद्या मरायचंच आहे. ती मजा नव्हे, घाबरगुंडी.

बायबल पंक्तीच्या विरुद्ध आहे असं मात्र समजू नका. काना नावाच्या गावातल्या लग्नात द्राक्षारस संपला तेव्हा येशूनं सहा दगडी रांजणांतल्या पाण्याचा द्राक्षारस केला. योहानानं त्याच्या शुभवर्तमानात दिलेल्या मापानं तो साधारण साडेचारशे ते सातशे लिटर भरतो. आमच्या बार्देशातल्या लग्नांतही एवढी सोय नसते. लोक येशूला खादाड आणि दारुडा म्हणत, हेही शुभवर्तमानात लपवलेलं नाही. बायबलातल्याच नहेम्याच्या पुस्तकात आठव्या अध्यायात नियमशास्त्र ऐकून लोक रडू लागले, तर त्यांना सांगितलं, रडू नका. चमचमीत खा, गोड प्या आणि ज्यांच्या घरी काही शिजलं नाही त्यांना वाटे पाठवा.

वाटे म्हटलं की मला आमची शेजारीण आठवते. नाताळला तिच्याकडून दोदोल, नेवऱ्यांचं ताट यायचं. रिकामं परत द्यायचं नाही म्हणून आई ते गणेशचवथीपर्यंत ठेवून घ्यायची. तिच्या थोरलीच्या लग्नाआधी त्यांच्या अंगणात ‘भिकाऱ्यांचं जेवण’ झालं. मी नऊ-दहा वर्षांची, कुंपणाला लटकून बघत होते. गावातली गरीब माणसं ओळीनं बसलेली, पुढ्यात भात, कोडी म्हणजे कालवण, आणि गोड वोण, म्हणजे खीर. घरधनी स्वतः वाढत होता. लग्न पुढे आणि आधी यांना का, म्हणून मी विचारलं. शेजारीण म्हणाली, हे आमच्या मेलेल्या माणसांच्या नावानं.

शोकाचं घर नि मेजवानीचं घर, त्या दुपारी एकच अंगण होतं. इंत्रुजचंही तसंच. मंगळवारी रात्रीपर्यंत नाच, बुधवारी चर्चमध्ये कपाळावर राख आणि कानावर शब्द, ‘तू माती आहेस.’ तुमच्या मित्रानं भिंतीवर एकच वचन लावलंय, जागा असेल तर आठव्या अध्यायातलं शेजारी लावायला सांगा. आणि त्याच्या घरच्या लग्नांत भिकाऱ्यांचं जेवण अजून घालतात का, तेही विचारून मला कळवा.