‘द हॉबिट’ कादंबरीतला ड्रॅगन स्मॉग आणि जळतं लेकटाउन हे तळ्यावरचं गाव कॅनव्हासवर काढायचंय. रत्नागिरीत, भर पावसाळ्यात ऑइल घेऊ की ॲक्रिलिक? ड्रॅगनपासून सुरुवात करू का?

ॲक्रिलिक घ्या. आणि ड्रॅगनपासून सुरुवात करू नका, चंद्रापासून करा. म्हणजे तो केवढा काढायचा ते आधी ठरवा.

बहुतेक जण स्मॉगच्या मागे परातीएवढा पौर्णिमेचा चंद्र काढतात आणि चित्राचा निकाल तिथेच लागतो. एका वाचनालयासाठी हाच प्रसंग तीन बाय चार फुटांवर करताना काम देणाऱ्या गृहस्थांचाही हाच हट्ट होता. "पुस्तकात चंद्र पूर्वेला उगवतो असं लिहिलंय, म्हणजे पौर्णिमाच." उगवतो हे खरं. पण संकष्टीचा उपास सोडायला रात्री चंद्राची वाट बघणाऱ्याला तरी कळायला हवं, की रात्री पूर्वेला उगवणारा प्रत्येक चंद्र पौर्णिमेचा नसतो. शिवाय पुस्तकाचा लेखक टॉल्किनने स्वतः या प्रसंगाचं रेखाटन केलंय आणि त्यावर टीप लिहिलीय की चंद्र कोरीचा हवा, कारण ड्युरिनच्या दिवसाची, म्हणजे गोष्टीतल्या बुटक्यांच्या नववर्षाची, अमावास्या होऊन थोड्याच रात्री झाल्यात. आता शुद्ध पक्षातली कोर संध्याकाळी पश्चिमेला दिसते आणि लवकर मावळते, हे मिरकरवाड्यातलं शेंबडं पोरही सांगेल. म्हणजे पुस्तक आणि टीप यांचा मेळ बसत नाही. बसू नये तर नको. आपल्याला पंचांग काढायचं नाही, उजेड काढायचाय.

या चित्रात उजेड दोन. खालून आगीचा तांबूस, वरून चंद्राचा निळसर. दोघांना समान वाटा दिला की दोन्ही फुकट. आगीला पंधरा आणे द्या, चंद्राला एक. तीन फुटी कॅनव्हासवर कोर अंगठ्याच्या नखाएवढी पुरते. गृहस्थांना हे पटवायला पांढऱ्या कागदाची वीतभर चकती कापून वाळलेल्या चित्रावर टेपने लावून दाखवली. आग जागच्या जागी तपकिरी पडली, कारण डोळा सगळ्यात उजळ जागेला धरून बाकीचं मोजतो. गृहस्थ म्हणाले, "वा! चकती राहू दे." त्या वाचनालयात अजून पौर्णिमाच आहे.

असो. आधी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर फक्त तीन छटांत, 6बी पेन्सिलीने, पाच-सहा कच्ची चित्रं करा. त्यात आग ओळखू आली नाही तर रंगातही येणार नाही. मग कॅनव्हासला जेसोचे (रंगाआधीच्या पांढऱ्या अस्तराचे) दोन हात, आणि जिथे ज्वाळा येणार ती जागा पांढरी सोडून द्या. बाकी रात्र अल्ट्रामरिन (निळा) दोन भाग, बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) एक भाग अशी मिसळून करा. ट्यूबमधला काळा नको, त्याने आभाळाला भोक पडल्यासारखं दिसतं. ज्वाळेसाठी सोडलेल्या पांढऱ्यावर लेमन यलो पातळ करून लावा, तो वाळला की कडेने नारिंगी, त्याबाहेर बर्न्ट सिएन्ना (तांबूस तपकिरी). पिवळ्यात पांढरा मिसळला की ज्वाळा खडूसारखी भुरी होते. शुद्ध पांढरा दोनच ठिकाणी: कोर आणि स्मॉगच्या पोटावरची रत्नं. ॲक्रिलिक वाळल्यावर थोडं गडद होतं, तेव्हा उजळ भागांत मिश्रण एक छटा उजळच ठेवा.

क्रम असा: आभाळ, धूर, मागचा पंख, गाव, पाणी आणि पोट सगळ्यात शेवटी. धूर वरून काळा आणि खालून विटकरी असतो, उलटा काढू नका. पंखांसाठी इंटरनेटवरचे ड्रॅगन बघण्यापेक्षा गावातल्या झाडावर लटकलेली मोठी वटवाघळं बघा. अंगठा मोकळा, बाकी चार बोटं पडद्यातून कडेपर्यंत जातात, आणि बोटांमधली कडा आत वळते. पंखामागे आग असेल तर पडदा लाल झिरपता दिसतो आणि बोटांची हाडं काळी.

आता सगळ्यांचं हमखास चुकतं ते. रत्नांनी न झाकलेली उघडी जागा, जिथे बाण लागून तो मरतो, स्मॉगच्या डाव्या छातीच्या खळग्यात आहे, पुढचा पाय बाहेर फेकलाय तिथे. तो आपल्याकडे तोंड करून झेपावत असेल तर ती जागा आपल्या उजवीकडे येते. आणि बाण पिसांसकट आत गेलाय, त्यामुळे छातीत रुतून बाहेर आलेला बाण काढू नका. हवेतला काढा, नाहीतर काढूच नका. बाण मारणारा बार्ड टॉल्किनच्या टिपेप्रमाणे अगदी डाव्या टोकाला, बाण सोडून झालेला. त्याच्या खांद्यावरचा पक्षी म्हणजे एक ठिपका, त्याहून जास्त नाही.

आगीचा उजेड शिमग्यात होळीपाशी उभं राहून शिका. आगीच्या आणि तुमच्या मध्ये जो आला तो निव्वळ काळा, पलीकडचा तोंडावर पिवळा. माडाच्या झावळ्या खालून उजळतात, वरून नाहीत. पाण्यासाठी रात्री जेटीवर जा. दिव्याचं प्रतिबिंब गोल पडत नाही, आपल्या दिशेने उभी लांब पट्टी पडते. प्रतिबिंबात उजळ वस्तू किंचित गडद आणि गडद वस्तू किंचित उजळ करा. लेकटाउनची घरं खांबांवर आहेत, म्हणून पाण्यात त्यांच्या फळ्यांची खालची बाजू दिसेल, छप्पर कमी.

ऑइलबद्दल: ते पाणी उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतं, आणि दमट अंधाऱ्या खोलीत फार रखडतं. तोवर कॅनव्हासच्या पाठीला बुरशी. ॲक्रिलिक मात्र पावसात जरा सावकाश वाळतं, ते धूर मिसळायला बरंच. पंखा बंद ठेवा. कॅनव्हास भिंतीला टेकवू नका, चार बोटं अंतर सोडा. व्हार्निश दिवाळीनंतर, दमट हवेत ते दुधाळ पडतं.

हे सगळं कॅनव्हासचं. थेट जांभ्याच्या भिंतीवर काढायचा विचार असेल तर गोष्ट वेगळी: पावसात आतून खार फुटतो आणि रंगाचे पापुद्रे निघतात. गिलावा नीट सुकेपर्यंत, म्हणजे डिसेंबरपर्यंत, तिला हात लावू नका.