परवाना कपाटात, भिंतीवर जुनाच

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. लालबागला आमचा बायकांचा बचत गट आहे. चकली, अनारसे, करंज्या, भाजणी असा फराळ आम्ही करतो. गटाची वही आणि वेबसाइट दोन्ही माझ्याकडे आहेत. साइट एका ओळखीच्या मुलाने जुलैत भाड्याच्या सर्व्हरवर चढवून दिली आणि सांगितलं, ‘काकू, सुरक्षा प्रमाणपत्र फुकटचं आहे, 90 दिवसांनी आपोआप नवं होईल, तुम्हाला काही बघायला नको.’ आता तो नोकरीसाठी पुण्याला गेला. कोजागरीच्या संध्याकाळी, 6 ऑक्टोबर 2025 ला, ऐन ऑर्डरींच्या गर्दीत साइट उघडली की लाल खूण आणि ‘कनेक्शन खाजगी नाही’ असं येऊ लागलं. गिऱ्हाइकांचे फोनवर फोन, ‘तुमची साइट हॅक झाली का? पैसे भरू की नको?’ त्या मुलाने पुण्याहून बघितलं. सर्व्हर म्हणतो प्रमाणपत्र चांगलं आहे, अजून 60 दिवस बाकी आहेत. मोबाइल म्हणतो मुदत संपली. शेवटी त्याने अख्खं मशीन बंद करून चालू केलं आणि साइट सुरळीत झाली. का बंद पडली, का सुरू झाली, दोन्ही कळलं नाही. मुदत संपत आल्याची ई-मेलही आली नाही. हे पुन्हा होऊ नये म्हणून काय करावं? दुसऱ्या एकाने सुरक्षेसाठी 80 नंबरचं पोर्ट बंद करा आणि परदेशातून येणारी वर्दळ अडवा, असं सुचवलं आहे. करावं का?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : ताई, अंक निघेपर्यंत तुम्हाला ताटकळत ठेवायला नको म्हणून यातलं तातडीचं मी मेलने आधीच कळवलं आहे. तरी इथे सविस्तर लिहिते, कारण असंच दुखणं सांगणारी आणखी तीन पत्रं या महिन्यात आली आहेत.

तुम्ही लिहिलंत की मशीन बंद करून चालू केल्यावर साइट सुरळीत झाली. त्या एका वाक्यात सगळं निदान आहे. तुमचं प्रमाणपत्र, म्हणजे ‘ही साइट खरीच आहे’ असा ब्राउझरला दाखवायचा दाखला, वेळेवर नवं झालं होतं. तारखा मांडून बघा. जुलैच्या 8 तारखेला पहिलं प्रमाणपत्र मिळालं असेल तर 90 दिवसांनी, म्हणजे बरोबर 6 ऑक्टोबरला, ते संपलं. सर्टबॉट नावाचा जो प्रोग्राम हे काम करतो तो दिवसातून दोनदा उठून तारीख बघतो आणि 30 दिवस उरले की नवं मागवतो. म्हणजे 6 सप्टेंबरच्या सुमारास, गणपती उठले त्या दिवसांत, नवं प्रमाणपत्र तुमच्या सर्व्हरच्या डिस्कवर येऊन पडलं. त्याची मुदत 5 डिसेंबरपर्यंत. कोजागरीला ‘60 दिवस बाकी’ असं सर्व्हर सांगत होता ते याच प्रमाणपत्राबद्दल, आणि ते खरं होतं.

मग मोबाइलला जुनं का दिसलं? तुमच्या गटाचा खाद्यपदार्थांचा परवाना भिंतीवर फ्रेम करून लावलेला असेल. समजा नवा परवाना टपालाने आला, कोणीतरी सही करून घेतला आणि कपाटात ठेवला. भिंतीवर जुनाच. तपासायला आलेला माणूस भिंत बघतो, कपाट नाही. साइटची पानं लोकांना वाढून देणारा प्रोग्राम, तुमच्याकडे एन्जिन-एक्स, सुरू होताना प्रमाणपत्र एकदा वाचून मेमरीत ठेवतो. पुढे डिस्कवरची फाइल बदलली तरी तो आपणहून परत बघायला जात नाही. ‘पुन्हा वाच’ असं त्याला कोणीतरी सांगावं लागतं, त्यालाच रीलोड म्हणतात. जुलैपासून ते कोणी सांगितलं नाही. मशीन चालू-बंद केल्यावर त्याला नव्याने वाचावंच लागलं आणि लाल खूण गेली.

हा घोटाळा मी स्वतः भोगला आहे, म्हणून इतक्या ठामपणे सांगते. 2017 च्या जूनमध्ये एका संस्थेच्या प्रवेश-अर्जांची साइट माझ्या ताब्यात होती. अर्ज भरायचा शेवटचा दिवस, सकाळपासून पाऊस, गाड्या रखडलेल्या. कुर्ला स्टेशनच्या पुलावर छत्री काखेत धरून मी मोबाइलवरून सर्व्हरमध्ये शिरले. फाइलवर मे महिन्याची तारीख, म्हणजे ताजी. आणि ब्राउझरमधून बघितलं तर आदल्या रात्री मुदत संपलेली. दोन तारखा एकाखाली एक बघत मी उभी होते आणि मागून लोक ‘ओ ताई, सरका’ म्हणत होते. एक ओळ लिहिली, एन्जिन-एक्सला रीलोड केलं, दोन सेकंदांत साइट पूर्ववत. पण तोपर्यंत सकाळचे चार तास गेले होते. दुपारी ऑफिसात पोचले तेव्हा विरारहून एक मुलगी वडिलांबरोबर भिजत येऊन बसली होती. सायबर कॅफेवाल्याने त्यांना सांगितलं होतं की साइट खोटी आहे, पैसे भरू नका. तिचा अर्ज मी माझ्या टेबलावर बसवून भरून घेतला. ती आली म्हणून तिचं काम झालं. न आलेल्या किती जणांनी अर्ज सोडून दिला असेल, हे मनातून जात नाही.

आता उपाय. सर्व्हरच्या ‘ईटीसी’ फोल्डरात ‘लेट्सएनक्रिप्ट’ नावाचं फोल्डर असतं, त्यात ‘रिन्यूअल-हुक्स’ आणि त्यात ‘डिप्लॉय’. या ‘डिप्लॉय’मध्ये ठेवलेली प्रत्येक स्क्रिप्ट (आज्ञा लिहिलेली छोटी फाइल), नवं प्रमाणपत्र प्रत्यक्ष मिळाल्यावरच, सर्टबॉट चालवतो. तिथे एक छोटी स्क्रिप्ट हवी. आधी एन्जिन-एक्सची मांडणी बरोबर आहे ना हे तपासायचं, असेल तर त्याला रीलोड करायचं. बस, एवढंच. त्या फाइलला चालवण्याची परवानगी, म्हणजे एक्झिक्युटेबल, द्यायला मात्र विसरू नका. ती नसेल तर सर्टबॉट तिच्याकडे बघतही नाही. रीस्टार्ट न म्हणता रीलोड म्हणते त्याला कारण आहे. रीलोडमध्ये चालू असलेली कामं जुन्या प्रक्रिया पुऱ्या करतात आणि नवी गिऱ्हाइकं नव्याकडे जातात. कोणी अर्धी ऑर्डर भरत असेल तर ती तुटत नाही.

पुण्याच्या त्या मुलाला दोष देऊ नका. सर्टबॉटला एन्जिन-एक्सची जोडणी देऊन बसवलं तर रीलोड तो स्वतःच करतो. पण ‘फक्त प्रमाणपत्र आण, बाकी मी बघतो’ अशा पद्धतीने बसवलं की शेवटची पायरी आपल्यावर येते, आणि ती चूक तीन महिने कोणाला दिसत नाही. साइट तर पहिल्या दिवसापासून चालत असते ना.

आणि इथेच जाणत्यांचीही फसगत होते. सर्टबॉटमध्ये ‘ड्राय-रन’ म्हणून रंगीत तालीम आहे. ती जरूर करा. खरं प्रमाणपत्र न घेता चाचणीच्या सर्व्हरकडून सगळा फेरा करून दाखवते. पण एरवी या तालमीत डिप्लॉयमधल्या स्क्रिप्ट चालत नाहीत. म्हणजे तालीम हिरवी येते, सगळे निर्धास्त होतात, आणि जी पायरी मोडकी आहे ती तपासलीच जात नाही. म्हणून ती स्क्रिप्ट एकदा हाताने चालवून बघायची. चूक असेल तर तिथल्या तिथे कळेल.

घाबरून ‘जबरदस्तीने नवं दे’ ही आज्ञा पुन्हा पुन्हा मात्र देऊ नका. कोजागरीच्या रात्री त्या मुलाने दिली नसेल तर त्याचे आभार माना. त्याच नावांचं प्रमाणपत्र लेट्स एनक्रिप्ट, म्हणजे तुमचं फुकटचं प्रमाणपत्र देणारी संस्था, 7 दिवसांत 5 वेळाच देते, त्यानंतर दार बंद. दुखणं रीलोडचं असताना पाच प्रमाणपत्रं कपाटात साठवून भिंत काही बदलत नाही.

ई-मेल का आली नाही? लेट्स एनक्रिप्टने मुदतीची आठवण देणाऱ्या ई-मेल 4 जून 2025 पासून बंद केल्या आहेत. तुमची साइट जुलैतली, म्हणजे तुम्हाला ती कधीच येणार नव्हती. आणि खरं सांगायचं तर ती सेवा चालू असती तरी तुमच्या बाबतीत उपयोग नव्हता, कारण त्यांच्या वहीत तुमचं प्रमाणपत्र सप्टेंबरातच नवं झालेलं होतं. तक्रारीला जागाच नव्हती.

म्हणून राखण आपली आपण करायची, आणि ती बाहेरून करायची. सर्व्हरला सर्व्हरबद्दल विचारलंत तर तो कपाटातलं सांगणार. घरात एखादा जुना लॅपटॉप चालू असतो का? ओपनएसएसएल नावाच्या साधनाने त्यावरून रोज एकदा तुमच्या साइटचं दार ठोठावायचं आणि 20 दिवसांपेक्षा कमी मुदत दिसली तर तुम्हाला निरोप पाठवायचा, एवढी सोय तो मुलगा पुण्याहून अर्ध्या तासात करून देईल. 20 का? कारण सर्टबॉट 30 दिवस असताना हालचाल सुरू करतो. दहा दिवस त्याला जमलं नाही तर काहीतरी खरंच अडलं आहे, आणि तुमच्या हातात अजून वीस दिवस आहेत. हे जमेपर्यंत महिन्याच्या एक तारखेला, हिशेबाची वही उघडाल तेव्हा, मोबाइलवर साइट उघडा, पत्त्याच्या पट्टीतल्या चिन्हावर बोट ठेवा, प्रमाणपत्राची तारीख बघा आणि वहीत लिहा. गटातल्या कोणालाही हे जमतं.

आता 80 नंबरचं पोर्ट, म्हणजे सर्व्हरमध्ये यायचं साधं दार. बंद करू नका. प्रमाणपत्र देण्याआधी लेट्स एनक्रिप्ट खात्री करून घेते की हे नाव खरंच तुमच्याच ताब्यात आहे. त्यासाठी ती तुमच्या सर्व्हरवर ठरलेल्या जागी ठेवलेली एक छोटी फाइल वाचायला येते, आणि येते ती 80 नंबरनेच. तिथून आलेल्याला 443 कडे, म्हणजे सुरक्षित दाराकडे, पाठवलंत तरी चालतं, दार मात्र उघडं हवं. परदेशी वर्दळ अडवण्याचा सल्ला तर अजिबात मानू नका. 2020 पासून ही तपासणी एकाच वेळी जगातल्या वेगवेगळ्या ठिकाणांहून होते, आणि कुठून ते आधी जाहीर करत नाहीत. देश बघून फाटक लावलंत तर तपासनीसच बाहेर राहील. शिवाय अमेरिकेतली लेक आईसाठी लालबागला फराळ मागवते, तिचं काय? (दुसरी वाट डीएनएसमधून, म्हणजे साइटच्या नावाच्या नोंदींतून, आहे. ‘सगळ्या उपनावांसाठी एकच’ अशा प्रमाणपत्राला ती लागतेच. तुमचं एकच नाव आहे, तुम्हाला गरज नाही.)

एका वाचकाने विचारलं होतं की एवढा व्याप करण्यापेक्षा पैसे देऊन वर्षाचं प्रमाणपत्र विकत का घेऊ नये. मीही नोकरीच्या सुरुवातीला तेच करायचे. डायरीत लाल शाईने तारीख, मॅनेजरची मंजुरी, चेक. पण तो काळ संपत आला. ब्राउझर कंपन्या आणि प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थांच्या मंचाने एप्रिल 2025 मध्ये ठरवलं की तेव्हाची जास्तीत जास्त 398 दिवसांची मुदत 15 मार्च 2026 पासून 200 दिवसांवर, 2027 च्या मार्चपासून 100 वर आणि 2029 च्या मार्चपासून 47 वर आणायची. विकत घ्या नाहीतर फुकट घ्या, दीड-दोन महिन्यांनी हाताने बदलत बसणं कोणाला झेपणार नाही. प्रमाणपत्राची गुप्त किल्ली चोरीला गेली तर ती फार दिवस चालू नये, हा त्यामागचा हेतू मला पटतो.

किल्लीवरून आठवलं. सर्व्हरचा पासवर्ड, डोमेनचं खातं आणि ते कोणाच्या ई-मेलवर आहे, हे त्या मुलाकडून मागून गटाच्या वहीत न लिहिता कुलपाच्या कपाटात ठेवा. आणि ‘प्रायव्हेट की’ची, म्हणजे त्या गुप्त किल्लीची, फाइल कोणी व्हॉट्सअॅपवर मागितली, अगदी मदत करायला म्हणून, तरी देऊ नका.

तुमचं पुढचं नूतनीकरण 5 नोव्हेंबरच्या सुमाराला आहे. आठवडाभर जाऊ द्या आणि मोबाइलवर तारीख बघा. फेब्रुवारीच्या 3 तारखेच्या आसपासची मुदत दिसली तर स्क्रिप्टने काम केलं. 5 डिसेंबरच दिसत असेल तर मशीन बंद करू नका, आधी मला मेल टाका. मी सर्व्हरवरची आणि दारातली, दोन्ही तारखा तुमच्याबरोबर बघेन.