हरणाऱ्या संघाच्या नोकरीला हो म्हणण्याआधी

तुझा निरोप नीट वाचला. नागपुरात शाळेचा आणि क्लबचा संघ शिकवतोस, पतियाळाचा कोचिंगचा डिप्लोमा झालाय, आणि आता अमेरिकेतल्या मिडवेस्टमधल्या एका डिव्हिजन वन (कॉलेज खेळांची सर्वांत वरची पातळी) कॉलेजने पुरुषांच्या बास्केटबॉल संघाबरोबर ग्रॅज्युएट असिस्टंट, म्हणजे शिकता शिकता कोचच्या हाताखाली काम करणारा, म्हणून बोलावलंय. दोन वर्षांची मास्टर्स, फी माफ, महिन्याला १२०० डॉलर. अडचण एवढीच की हा संघ कित्येक वर्षं सपाटून हरतोय. बाबा म्हणतात, बुडत्याचा पाय खोलात, तू कशाला धरतोस? सर म्हणतात, डिव्हिजन वन आहे ना, मग डोळे मिटून जा. आणि तू विचारतोस, ताई, काय करू?

संघ हरतोय म्हणून नाही म्हणू नकोस. हेड कोचचं हे कितवं वर्ष आहे ते आधी शोध. पहिलं किंवा दुसरं असेल तर पुढे बोलू. चौथं-पाचवं असेल आणि संघ अजून तळाशी असेल, तर मी तरी तिकीट काढणार नाही.

हे मी लांबून बघून सांगत नाही. मी शिकागोजवळच्या एका छोट्या कॉलेजच्या खेळ विभागात कंप्लायन्स बघते, म्हणजे कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संस्थेचे नियम पाळले जातायत की नाही हे तपासते. पण इथे आले ती तुझ्यासारखीच, महिलांच्या संघाबरोबर जीए म्हणून. (ग्रॅज्युएट असिस्टंट कुणी म्हणत नाही, जीएच म्हणतात.) दुसऱ्या वर्षीच्या मार्चमध्ये हेड कोचला काढलं आणि आठवडाभरात सगळा स्टाफ बाहेर पडला. इथे असिस्टंट कोच विद्यापीठाचे कमी आणि हेड कोचचे जास्त असतात. तो गेला की ते गेले. मी टिकले, कारण माझी फीमाफी संघाच्या बजेटमधून नव्हे, शैक्षणिक विभागाकडून येत होती. नवीन कोचने मला ठेवलं नाही, पण पदवी पूर्ण करण्यापासून कुणी अडवलंही नाही.

आता हरणाऱ्या संघाचं आकर्षण म्हणजे नेमकं काय, ते इथल्या शिकागोतल्या डीपॉल विद्यापीठावरून बघ. या संघाला रे मायर यांनी १९४२ ते १९८४ अशी ४२ वर्षं शिकवलं, त्यानंतर त्यांचा मुलगा जोई मायर १९९७ पर्यंत. पंचावन्न वर्षांत एका घरातले दोन हेड कोच! अमेरिकेच्या व्यावसायिक लीगचा, एनबीएचा, पहिला मोठा तारा जॉर्ज मायकन इथलाच. १९७९ मध्ये संघ एनसीएएच्या राष्ट्रीय स्पर्धेत फायनल फोरमध्ये, म्हणजे शेवटच्या चारांत, गेला. त्या संघातला मार्क अग्वायर शिकागोच्याच वेस्टिंगहाऊस शाळेचा, १९८१ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) पहिला निवडला गेला. त्याच काळात, १९८० ते १९८२, सलग तीन वर्षं अव्वल मानांकन असताना संघ एनसीएए स्पर्धेतला आपला पहिलाच सामना हरला. जुने शिकागोकर अजून त्या सेंट जोसेफ्सविरुद्धच्या ४९-४८ वर हळहळतात.

आणि आताची अवस्था? २००४ नंतर २०२५ पर्यंत एकदाही एनसीएए स्पर्धेत प्रवेश नाही. २००५ मध्ये बिग ईस्ट कॉन्फरन्समध्ये (दर मोसमात आपसांत खेळणाऱ्या कॉलेजांचा गट) गेले आणि तिथे बहुतेक वर्षं तळाशी राहिले. ऑलिव्हर पर्नेल क्लेम्सनला यश मिळवून आले, पाच वर्षांत गेले. ज्यांनी २००४ मध्ये संघाला स्पर्धेत नेलं होतं ते डेव्ह लेटाओ २०१५ मध्ये परत आले, तेही २०२१ मध्ये गेले. २०२३-२४ मध्ये तर कहर झाला: ३२ सामन्यांत ३ विजय, बिग ईस्टमधले वीसच्या वीस सामने गमावले. जानेवारी २०२४ मध्ये, मोसम अर्ध्यावर असताना, टोनी स्टबलफील्ड यांना काढलं. उरलेले सगळे सामने संघ अंतरिम कोचच्या हाताखाली हरला.

मग मार्च २०२४ मध्ये क्रिस होल्टमन यांनी हीच नोकरी घेतली. बटलरला २०१७ मध्ये शेवटच्या सोळांत नेलेला माणूस. ओहायो स्टेटने महिनाभर आधी काढलं होतं हे खरं, पण अशा कोचला थोडं थांबलं तर दुसरीकडे काम मिळतं. त्यांच्या डोक्यात काय होतं ते मला माहीत असायचं कारण नाही, पण या नोकरीचं वजन कोच मंडळी कसं करतात ते रोज ऐकते. डीपॉलला अमेरिकन फुटबॉलचा संघ नाही, त्यामुळे पैसा आणि लक्ष दोन्ही बास्केटबॉलकडे. कॉन्फरन्स अशी की २०२३ आणि २०२४ चं राष्ट्रीय विजेतेपद तिथल्याच यूकॉनने (कनेक्टिकट विद्यापीठ) जिंकलं, आणि कॉन्फरन्सची अंतिम स्पर्धा न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये. शिवाय शिकागो! या शहरात आणि उपनगरांत मुलं अशी खेळतात की पुढे एनबीएत चमकलेले डेरिक रोझ, अँथनी डेव्हिस, ड्वेन वेड सगळे इथले. पण रोझ गेला मेम्फिसला, डेव्हिस केंटकीला, वेड मार्क्वेट विद्यापीठात. नव्या कोचला हीच तर संधी वाटते: घरातली मुलं घरात थांबवली तरी पुष्कळ झालं. याआधी आलेल्या प्रत्येक कोचलाही तसंच वाटलं होतं, ही गोष्ट वेगळी.

आणखी एक आकर्षण कुणी उघड बोलत नाही: अपेक्षा जमिनीला टेकलेल्या असतात. होल्टमन यांच्या पहिल्या वर्षी जवळजवळ सगळा संघ नवा होता, १४ विजय आणि २० पराभव झाले, आणि लोक म्हणाले सुधारणा आहे. हाच आकडा केंटकीसारख्या नेहमी जिंकणाऱ्या विद्यापीठात आला असता तर कोचच्या घरासमोर मोर्चा निघाला असता.

दुसऱ्या बाजूला काही दुखणी कोच बदलून जात नाहीत. कॅम्पस लिंकन पार्कमध्ये, तर २०१७ पासून सामने शहराच्या मध्यभागाच्या पलीकडे, दक्षिणेला, मॅककॉर्मिक प्लेसजवळच्या विनट्रस्ट अरीनात. त्याआधी तर विमानतळाजवळच्या रोझमाँटला जावं लागायचं. मंगळवारी रात्री, जानेवारीच्या थंडीत, हरणाऱ्या संघासाठी ट्रेन बदलत कोण जाणार? मी स्वतः गेले आहे, आजूबाजूच्या खुर्च्यांवर लोकांनी कोट ठेवले होते आणि कुणाचीच अडचण होत नव्हती.

हा झाला श्रीमंतांचा पराभव. गरिबांचा वेगळा असतो. मिसिसिपी व्हॅली स्टेट त्याच २०२३-२४ मध्ये १ सामना जिंकलं आणि ३० हरलं. अशी छोटी कॉलेजं नोव्हेंबर-डिसेंबर जवळजवळ पूर्ण बाहेर खेळतात. मोठ्या विद्यापीठाच्या कोर्टवर जायचं, तीस-चाळीस गुणांनी हरायचं आणि सामन्यामागे हजारो डॉलरचा चेक घेऊन परतायचं. त्याला गॅरंटी गेम म्हणतात, आणि त्यावर खेळ विभागाचा मोठा खर्च निघतो. तिथे कोच वाईट आहे म्हणून संघ हरत नाही, वेळापत्रकच हरण्याचं विकत दिलेलं असतं. त्यात चांगला खेळाडू घडला की ट्रान्स्फर पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) मोठं कॉलेज त्याला उचलतं. २०२१ पासून खेळाडू जाहिरातींचे पैसे घेऊ शकतात आणि जुलै २०२५ पासून विद्यापीठं थेट वाटा देऊ शकतात, मोठ्या ठिकाणी सगळ्या खेळांना मिळून पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. छोटं कॉलेज त्याच्यापुढे काय ठेवणार?

तू सांगितलेल्या वर्णनावरून तुझं कॉलेज या दुसऱ्या गटातलं दिसतं. आणि शिकण्यासाठी मला तेच बरं वाटतं. श्रीमंत संघात तू स्टाफमधला पंधरावा असशील, टॉवेल आणि रिबाउंडिंग. गरीब संघात माणसंच कमी, त्यामुळे पुढच्या प्रतिस्पर्ध्याचा स्काउट, म्हणजे अभ्यास-अहवाल, तयार करणं, सिनर्जी या व्हिडिओ सॉफ्टवेअरवरून क्लिप कापणं, मार्च-एप्रिलमध्ये पोर्टलमधल्या मुलांचे व्हिडिओ रात्री बसून चाळणं, बसचं आणि जेवणाचं बुकिंग, सगळं तुझ्याकडे येईल. मात्र कोर्टवर प्रत्यक्ष शिकवायला मिळेल का, हे स्पष्ट विचार. कोचिंग कोण करू शकतो याची एनसीएएची मर्यादा ठरलेली असते आणि जीएचा त्यात नंबर लागेलच असं नाही.

आता व्हिसा. इथे मुलं फसतात. एफ-वनवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं. बास्केटबॉलचा जीए मोसमात वीस तासांत भागवतो, असं मी पाहिलेलं नाही. बाहेरगावचा एक दौराच तेवढा खातो. अमेरिकन जीएला कुणी विचारत नाही, तुझी मात्र स्टेटस जाऊ शकते, आणि बिनपगारी केलं म्हणून सुटका होतेच असं नाही. तास कसे मोजणार हे विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसकडून लेखी घे, कोचकडून नव्हे. कोचला हे ठाऊकच नसतं. उन्हाळ्यात तो म्हणेल, माझ्या कॅम्पवर शिकव, रोख पैसे देतो. असे कॅम्प बऱ्याचदा कोचच्या खासगी कंपनीचे असतात, म्हणजे तो वेगळा मालक झाला. परवानगीशिवाय एक दिवसही जाऊ नकोस.

पुढचं पाऊल ओपीटी, म्हणजे पदवीनंतर त्याच व्हिसावर काम करायची परवानगी, १२ महिन्यांची. पदवी स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान-गणित विषयांच्या) यादीत असेल तर आणखी २४ महिने. तुला स्पोर्ट्स मॅनेजमेंट देऊ केलंय ना? त्याच कॉलेजात डेटा अ‍ॅनालिटिक्ससारखा स्टेम अभ्यासक्रम आहे का आणि फीमाफी त्याला चालेल का, हे विचार. कोचिंगमधला पगार सुरुवातीला इतका कमी असतो की ही दोन वर्षंच तुला तारतील. विद्यापीठाच्या नोकरीत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसासाठी लॉटरीतून जावं लागत नाही, हा या वाटेचा खरा फायदा. सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने देशाबाहेरच्या माणसासाठी नव्या अर्जावर १ लाख डॉलर लावले आणि विद्यापीठांनाही त्यातून सरसकट सूट दिली नाही. इथेच एफ-वनवर असलेल्याची स्टेटस बदलताना ते लागत नाहीत, असं इमिग्रेशन खात्याने ऑक्टोबरमध्ये सांगितलं. म्हणजे आत येऊन शिकणाऱ्याची बाजू बरी आहे, पण हे नियम हलते आहेत, तेव्हा वकिलाचे पैसे वाचवू नकोस.

१२०० डॉलरमध्ये छोट्या गावात भागेल, गाडीशिवाय मात्र हाल होतील. विद्यापीठाचा आरोग्य विमा कोण भरतो ते बघ. तुझा पतियाळाचा डिप्लोमा इथे कुणाला कळणार नाही, भारतीय बास्केटबॉल म्हटलं की फार तर २०१५ मध्ये डॅलसच्या एनबीए संघाने निवडलेला सतनाम सिंग आठवतो. त्यामुळे प्रमाणपत्रांऐवजी तुझ्या संघाच्या दहा मिनिटांच्या क्लिप्स आणि त्यावर तुझं विश्लेषण पाठव.

कोचशी पुढचा कॉल होईल तेव्हा लाजू नकोस. करार किती वर्षांचा आणि त्यातली किती उरली? तुमच्या हाताखालचे मागचे जीए आता कुठे आहेत? त्यांतल्या एखाद्याशी बोलू द्याल का? आणि तुम्ही उद्या गेलात तर माझी फीमाफी राहील का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ईमेलने माग. ते "हो" असेल आणि कोच पहिल्या-दुसऱ्या वर्षात असेल, तर बाबांशी मी बोलते. नुसतं "बघू" असेल तर त्याच पदवीसाठी आणखी दोन-तीन कॉलेजांना अर्ज ठेव, डिव्हिजन टू असली तरी चालेल. ऑफर लेटर आलं की मला पाठव, आधी फीमाफीचा परिच्छेद बघते.