सिंड्रेलाचा बाप कुठं होता?

प्रश्न : आक्का, माझी बारावी झाली आहे. सिंड्रेलाच्या गोष्टीवरून माझ्या वयाच्या मुलामुलींसाठी एक अद्भुत कादंबरी लिहितेय. मैत्रीण म्हणते, ही उघड चोरी. शिवाय शेवट शेंबड्या पोरालाही ठाऊक, मग वाचणार कोण? माझ्या गोष्टीत बर्फ आहे, किल्ला आहे, पण माणसं आमच्यासारखीच घरात मराठी आणि बाजारात कन्नड बोलतात. चालेल का?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : चोरी म्हणायची तर कुणाची गं? काचेचा बूट, भोपळ्याची गाडी आणि परी फ्रेंच लेखक शार्ल पेरोनं १६९७ साली छापलेल्या गोष्टीतली. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या गोष्टीत परी नाहीच. तिथं आईच्या थडग्यावर उगवलेलं झाड आहे, बूट सोन्याचा आहे, आणि तो बसावा म्हणून सावत्र बहिणी पायाला सुरी लावतात. ज्यानं त्यानं आपल्या परीनं सांगितलीय. हल्लीच्या एखाद्या कादंबरीकारानं स्वतः रचलेलं पात्र किंवा प्रसंग मात्र उचलायचा नाही.

शेवटाचं म्हणशील, तर गोकाककडं श्रीकृष्ण पारिजाताच्या खेळाला रात्र जागवणाऱ्यांना पुढं काय होणार हे ठाऊक नसतं होय? ते सत्यभामेचा रुसवा बघायला बसतात. तुझ्या वाचकालाही तसं बघण्याजोगं काहीतरी हवं. जुनी गोष्ट जिथं नजर चुकवून पुढं सटकते, तिथं तिला अडव. ग्रिम बंधूंच्या गोष्टीच्या पुढच्या आवृत्तीत बघ, मुलीचा बाप जिवंत आहे! जत्रेहून सावत्र मुलींना कपडे, मोती आणतो. राजपुत्र बूट घेऊन दारात येतो तेव्हा हा म्हणतो, आधीच्या बायकोची एक मुलगी आहे खरी, पण ती कसली नवरी होतेय. पोटच्या पोरीबद्दल! तू पाठवलेल्या पहिल्या प्रकरणात बाप दुसऱ्याच पानावर मारून टाकलायस. सगळेच मारतात, सोपं पडतं. त्याला जिवंत ठेव, जेवायला बसव, आणि पोर वाढत असताना तो ताटाकडं बघतो की तिच्याकडं, ते लिही.

आणि बर्फ कशाला? कवी ए. के. रामानुजन बेळगावच्या लिंगराज कॉलेजात शिकवायचे, आपल्या भागातल्या कन्नड लोककथाही जमवायचे. त्यांनी इंग्रजीत आणलेली ‘हंची’ ही कानडी सिंड्रेलाच. सोन्यासारखे केस असलेली मुलगी. सख्ख्या भावाचीच नजर फिरते, म्हणून आई तिला मातीचा मुखवटा चढवून घराबाहेर पाठवते. ती सावकाराच्या घरी स्वयंपाकाला राहते, मुखवटा उतरलेला असताना मुलगा तिला बघतो, लग्न होतं. पण गोष्ट तिथं संपत नाही. पुढं एक लंपट गुरू येतो, पेटी येते, पिसाळलेलं कुत्रं येतं. बर्फापेक्षा हे किती तरी भयंकर.

तू तर खानापूरची. कुंभारवाड्यात जाऊन विचार, असा मुखवटा खरंच करायचा तर कसा? माती वाळताना आकसते, भट्टीत आणखी आकसते. म्हणजे चेहऱ्याच्या मापानं थापला तर पक्का होईपर्यंत लहान पडणार, आई मोठाच करून घेणार. चुलीपुढं तो तापणार, आत घाम साचणार, आणि पोर जेवणार कशी? माझ्या मते तुझं तिसरं प्रकरण इथंच आहे.

एवढं सांभाळ : लोककथा सगळ्यांची असली तरी रामानुजन यांची इंग्रजी वाक्यं त्यांची आहेत. ते १९९३ साली गेले, आपल्या कायद्यानं लेखकामागं ६० वर्षं हक्क राहतो. त्यामुळं वाक्यं जशीच्या तशी मराठीत आणू नकोस, आपल्या तोंडानं सांग.

बाजारातलं कन्नड खुशाल राहू दे. कंसात अर्थ देत बसू नको. भाव करताना बाई चिडलीय की हसतेय हे दिसलं, की पुण्याच्या वाचकालाही कळतं. नाहीच कळलं तर विचारेल कुणाला तरी.