अल्झायमरवर पूरक गोळ्यांनी फरक पडतो का?

आईला अल्झायमर आहे, जिंको (एका झाडाच्या पानांचा अर्क) किंवा ओमेगा-३ (माशाच्या तेलातला मेद) सुरू करू का, असं तुम्ही विचारलंय. स्पष्ट सांगतो: या दोन्हींनी आजार बरा होत नाही आणि थांबतही नाही.

जिंकोची मोठी चाचणी 2008 साली प्रसिद्ध झाली. 75 वर्षांवरच्या तीन हजारांहून अधिक लोकांना रोज 240 मिलिग्रॅम जिंको किंवा नुसती दिखाऊ गोळी दिली होती. स्मृतिभ्रंश होण्याचं प्रमाण जिंकोने कमी झालं नाही. ओमेगा-३ मधला डीएचए हा घटक अल्झायमरच्या रुग्णांना दीड वर्ष देऊन पाहिला, तरी ऱ्हासाचा वेग तोच राहिला.

ई जीवनसत्त्वाचं थोडं वेगळं आहे. 2014 च्या अभ्यासात रोज 2000 युनिट घेणाऱ्यांची दैनंदिन कामं करण्याची क्षमता जरा हळू घटली. स्मरणशक्तीत मात्र ठोस फायदा दिसला नाही. पण हा डोस फार मोठा आहे. आई रक्त पातळ करणारं औषध घेत असतील तर रक्तस्रावाचा धोका वाढतो, जिंकोनेही वाढू शकतो. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीच देऊ नका, अगदी 'नैसर्गिक' लिहिलेलं असलं तरी.

एक गोष्ट मात्र नक्की करा. बी-१२ आणि थायरॉइडची रक्ततपासणी झाली नसेल तर आधी करून घ्या. बी-१२ कमी असेल तर त्यानेही विसराळूपणा येतो, आणि ती कमतरता भरून काढता येते. खरी कमतरता सापडली तर पूरक द्यायलाच हवं.